एक गोळी, दोन कामं



आज मी तुम्हाला एक इतिहास सांगणार आहे. राजेरजवाड्यांचा नाही, लढाईचाही नाही. एका गोळीचा आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरात ही गोळी फ्रीजवरच्या डब्यात किंवा कपाटातल्या पिशवीत असेल. काहीजणी ती रोज घेत असतील. काहीजणींनी चार दिवस घेऊन बंद केली असेल. ती बंद का केली जाते, हे कळावं म्हणूनच मी हा इतिहास वाचायला लागले.

बचत गटाच्या कामामुळे मला गावोगाव बैठकांना जावं लागतं. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, कर्जाचा विषय मिटला, की बोलणं हळूहळू दुखण्यावर येतं. कुणाची शुगर जुनी आहे आणि रात्री तळपायाची आग होते. कुणाला नागीण होऊन गेली, फोड कधीच सुकले, पण बरगडीखाली अजून पदर लागला तरी कळ उठते. कुणाचं डोकं पट्टा आवळल्यासारखं महिनोन् महिने दुखतं. कुणाचं सगळंच अंग दुखतं आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. शेवटी एखादे डॉक्टर चिठ्ठीवर नाव लिहितात: ॲमिट्रिप्टिलिन, नाहीतर ड्युलोक्सेटिन. घरी आल्यावर कॉलेजला जाणारा पोरगा मोबाइलवर ते नाव टाकतो आणि वाचून दाखवतो, "आई, ही तर डिप्रेशनची गोळी आहे!"

मग काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. "म्हणजे डॉक्टरला वाटतं मी नाटक करते?" "मला काय वेड लागलंय?" सासरी कळलं तर काय म्हणतील, लेकीचं लग्न जमवताना कुणी विचारलं तर काय सांगायचं, असे शंभर विचार येतात. पाकीट डब्याच्या तळाशी जातं आणि दुखणं जिथल्या तिथं राहतं.

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. मी बी.ए. झालेली, बचत गटाचं काम बघणारी बाई आहे. कुणी कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. पण ह्या औषधांना हे नाव कसं पडलं आणि ती दुखण्यावर कशी आली, ही गोष्ट प्रत्येकीला माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमध्ये, १९५० च्या दशकात. बासेल शहरात गायगी नावाची औषध कंपनी होती. त्या काळात मनाच्या आजारांवर औषधं जवळपास नव्हतीच. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना दिलं गेलं आणि त्यांच्यात फरक पडला. ते पाहून गायगीलाही आपल्याकडे असं काही आहे का हे बघायचं होतं. त्यांच्या कपाटात एक रसायन होतं. त्याला धड नावही नव्हतं, नुसता नंबर: जी २२३५५. कंपनीनं ते रोलंड कून ह्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी मुन्स्टरलिंगेन नावाचं लहान गाव आहे, तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात ते काम करत.

ज्या आजारासाठी ते रसायन पाठवलं होतं, त्याला ते लागू पडलं नाही. मग १९५६ च्या जानेवारीत कून यांनी ते खोल उदासी असलेल्या रुग्णांना देऊन पाहिलं. सुरुवातीच्या रुग्णांमध्ये स्त्रिया होत्या. काही दिवसांतच त्या अंथरुणातून उठू लागल्या, बोलू लागल्या. पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, कून यांनी झुरिकच्या जागतिक परिषदेत हा अनुभव मांडला. ऐकायला जेमतेम डझनभर लोक होते असं सांगतात. पण त्या नंबरला लवकरच नाव मिळालं: इमिप्रमिन. उदासीवरचं हे पहिल्या काही औषधांपैकी एक. त्याचीच धाकटी बहीण म्हणावी अशी ॲमिट्रिप्टिलिन १९६१ साली अमेरिकेत बाजारात आली.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. ह्या औषधाला 'उदासीचं औषध' हे नाव पडलं, कारण ते पहिल्यांदा उदासीच्या रुग्णांवर लागू पडलं. ते रसायन शरीरात जाऊन काय काय करतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. औषधाचं पहिलं नाव हे त्याच्या बारशाचं नाव असतं, पुढे ते काय काय कामं करेल ते नावावरून कळत नाही. ॲस्पिरिनचंच बघा. ती आली तापावर आणि अंगदुखीवर. आज आपल्या घरातले म्हातारे आजोबा तीच गोळी लहान मात्रेत हृदयासाठी घेतात. त्यांना कुणी विचारत नाही, "तुम्हाला रोज ताप येतो का?"

दुखण्याकडे हे औषध फार लवकर वळलं. कून यांच्या भाषणाला तीन वर्षंही झाली नव्हती. १९६० साली फ्रान्समधल्या पाओली, दार्कूर आणि कोसा ह्या तीन डॉक्टरांनी एक छोटंसं टिपण प्रसिद्ध केलं. त्याचा विषय होता वेदनेच्या रुग्णांमध्ये इमिप्रमिनचा परिणाम. दोनच पानांचं ते टिपण, पण आज दुखण्यावरच्या ह्या औषधांचा इतिहास कुणीही लिहायला घेतला तरी सुरुवात तिथूनच होते. पुढे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातले लान्स आणि करन यांनी कायमच्या डोकेदुखीवर, तोच आपला आवळलेला पट्टा, ॲमिट्रिप्टिलिन वापरून पाहिली आणि ती उपयोगी पडते असं 'लॅन्सेट' ह्या नावाजलेल्या मासिकात लिहिलं.

म्हणजे ॲमिट्रिप्टिलिन बाजारात येऊन तीन वर्षं होतात न होतात, तोच ती डोकेदुखीवरही दिली जात होती. दुखण्यावरचा तिचा वापर काल-परवा कुणा डॉक्टरच्या मनात आला म्हणून सुरू झालेला नाही. त्याला साठ वर्षं होऊन गेली.

पण एक मोठा प्रश्न उरला होता, आणि तो आपल्याच मनातला प्रश्न आहे. उदासीचं औषध दिलं आणि दुखणं कमी झालं, तर मग ते दुखणं म्हणजे मुळात उदासीच होती का? वेदनेचा मुखवटा घालून आलेली उदासी?

असं मानणारे मोठे डॉक्टर होते. १९५९ साली अमेरिकेतले जॉर्ज एंगेल यांनी वेदनेकडे कल असलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. १९८२ मध्ये ब्लूमर आणि हाइलब्रॉन यांनी तर असं मांडलं की जुनाट वेदना हा उदासीच्याच आजाराचा एक प्रकार आहे. आणि मैत्रिणींनो, बायकांना हे काही नवीन नव्हतं. युरोपात शेकडो वर्षं बाईच्या न समजणाऱ्या दुखण्याला 'हिस्टेरिया' म्हणत. हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. बाईला दुखतंय, कारण सापडत नाही, म्हणजे दोष तिच्या बाईपणात. आपल्याकडे शब्द वेगळे आहेत. "कामाचा कंटाळा आलाय", "माहेरची आठवण येतेय", "अंगात काहीतरी आलंय", "मनाचे खेळ आहेत". अर्थ तोच.

म्हणून पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या १९८२ मध्ये तो सिद्धांत मांडला गेला, त्याच वर्षी कॅनडातल्या टोरांटोचे डॉ. पीटर वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, स्वच्छ प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी नागीण झाल्यानंतर मागे राहिलेल्या वेदनेचे २४ रुग्ण घेतले. प्रत्येकाला काही आठवडे ॲमिट्रिप्टिलिन दिली आणि काही आठवडे हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणती कधी, हे रुग्णाला सांगितलं नाही. दुखणं किती हे मोजलं आणि उदासी किती हेही वेगळं मोजलं. २४ पैकी १६ जणांना ॲमिट्रिप्टिलिनवर चांगला किंवा उत्तम आराम पडला. आणि बहुतेकांच्या बाबतीत उदासीच्या मोजमापात काही बदल झालेला नव्हता. म्हणजे मन होतं तसंच होतं, आणि कळ मात्र कमी झाली.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतले डॉ. मिचेल मॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न शुगरमुळे नसा खराब होऊन पाय दुखणाऱ्या रुग्णांबाबत विचारला. २९ रुग्णांनी तो प्रयोग पुरा केला. त्यात काहीजण उदास होते, काहीजण अजिबात नव्हते. ॲमिट्रिप्टिलिननं दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच हे लिहिलेलं आहे: मन ठीक असो की उदास, औषध दुखण्यावर चालतं.

तरी कुणाला शंका राहील, म्हणून तिसरा प्रयोग सांगते. तो १९९२ चा, मॅक्स यांच्याच गटाचा. तोवर फ्लुओक्सेटिन नावाचं उदासीवरचं नवं औषध जगभर गाजत होतं. उदासीवर ते जुन्या औषधांच्या तोडीचं मानलं जाई. दुखणं जर उदासीतूनच आलेलं असेल, तर फ्लुओक्सेटिननंही पाय तितकेच शांत व्हायला हवेत, नाही का? शुगरच्या रुग्णांना ही औषधं देऊन पाहिली. ॲमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांपैकी शंभरात ७४ जणांना बऱ्यापैकी किंवा त्याहून जास्त आराम पडला. डेसिप्रमिन ह्या तिच्याच जातीच्या औषधानं ६१ जणांना. फ्लुओक्सेटिननं ४८, आणि बिनऔषधाच्या गोळीनं ४१. म्हणजे फ्लुओक्सेटिन आणि नुसती गोळी यांच्यात सांगण्याजोगा फरकच नव्हता. उदासी घालवणारं प्रत्येक औषध दुखणं घालवत नाही. म्हणजे दुखणं कमी करण्याची ताकद ही उदासी कमी करण्यापेक्षा वेगळी ताकद आहे. एकाच गोळीची दोन कामं आहेत.

आता ही दुसरी ताकद येते कुठून? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं, आणि गंमत म्हणजे वाट आपल्या मुंबईवरून जाते.

सर्पगंधा ही वनस्पती तुम्ही ऐकली असेल. आपल्याकडे तिची मुळी पूर्वापार औषधात वापरतात. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं वाढलेला रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर अभ्यास करून इंग्लंडच्या मासिकात प्रसिद्ध केलं. मग जगाचं लक्ष ह्या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये बासेलच्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यातून रेसरपिन नावाचा अर्क वेगळा काढला. पण रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास होतात असं दिसू लागलं. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना कळलं की रेसरपिन शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन रितं करतं. रेसरपिननं प्राणी मलूल होऊन पडत, आणि इमिप्रमिनच्या जातीची औषधं त्याच्या उलटा परिणाम करत. १९६१ मध्ये ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इमिप्रमिन नॉरॲड्रेनलिन नावाचं दुसरं एक रसायन नसांच्या टोकांत परत शोषलं जाऊ देत नाही. नसांमधल्या निरोपाच्या देवाणघेवाणीवर केलेल्या कामासाठी ॲक्सेलरॉड यांना १९७० चं नोबेल मिळालं. उदासी म्हणजे केवळ ह्या रसायनांची कमतरता, इतकं सोपं गणित आज शास्त्रज्ञ मानत नाहीत. पण ही औषधं नसांच्या टोकांवर काय करतात, हे तेव्हापासून कळू लागलं.

आता दुखण्याशी ह्याचा संबंध काय? शेताला पाणी देताना आपण काय करतो ते आठवा. पाटानं पाणी येतं, पण कुठल्या वाफ्यात किती जाईल ते दारं धरणारी ठरवते. माती ओढून दारं बांधलं की पाणी थांबतं, दारं मोडलं की सुटतं. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनी दुखण्याबद्दल जवळजवळ हेच मांडलं. पायाला काटा टोचला तर त्याचा निरोप तडक मेंदूत जात नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक दारं असतं. तिथं निरोप अडवला जातो, कमी केला जातो किंवा पूर्ण सोडला जातो. आणि पुढच्या वर्षांत हेही उलगडत गेलं की मेंदूकडून खाली येणाऱ्या काही नसा हे दारं बांधायचं काम करतात. ते काम त्या सेरोटोनिन आणि विशेषतः नॉरॲड्रेनलिन वापरून करतात. तीच दोन रसायनं!

जुनाट दुखण्यात, विशेषतः नसेच्या दुखण्यात, हे दारं नीट बांधलं जात नाही. जखम भरली, काटा निघाला, तरी पाणी वाहतच राहतं. ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही रसायनं तिथं जास्त वेळ टिकवून धरतात आणि दारं बांधायला मदत करतात. ॲमिट्रिप्टिलिनचे नसांवर आणखीही काही परिणाम आहेत, पण मुख्य समजूत ही आहे. फ्लुओक्सेटिन मुख्यतः एकट्या सेरोटोनिनवर काम करतं. नसेच्या दुखण्यात ते मागे पडलं, त्यामागं हे एक कारण असावं.

म्हणूनच दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन बहुतेक वेळा खूप कमी मात्रेत देतात. साधारण १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात होते, तीही रात्री. उदासीसाठी लागणारी मात्रा सहसा ह्याच्या कितीतरी पट असते. आपल्या चिठ्ठीवर १० लिहिलं असेल तर तो आकडाच पुष्कळ काही सांगतो.

ड्युलोक्सेटिन पुष्कळ नंतरचं. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००४ मध्ये आधी उदासीसाठी आणि त्याच वर्षी शुगरमुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यासाठी त्याला मान्यता दिली. २००८ मध्ये फायब्रोमायल्जियासाठी, म्हणजे सगळं अंग दुखण्याच्या त्या आजारासाठी, जो बायकांमध्ये जास्त आढळतो. २०१० मध्ये जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसारख्या दुखण्यांसाठी. म्हणजे आता हा वापर सरकारी कागदावरही आला. ॲमिट्रिप्टिलिन आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही.

इतकं ऐकून कुणाला वाटेल, ही तर रामबाण गोळी. तसं नाही, आणि हे सांगितलं नाही तर इतिहास अर्धवट राहील. २०१५ मध्ये नसेच्या दुखण्यावरचे जगभरचे प्रयोग एकत्र तपासले गेले. त्यातून असा हिशोब निघाला की ॲमिट्रिप्टिलिनच्या जातीची औषधं साधारण चार जणांना दिली, तर त्यातल्या एकाला त्या औषधामुळे निम्म्याच्या आसपास आराम मिळतो. ड्युलोक्सेटिनच्या जातीत साधारण सहा-सात जणांत एकाला. बाकीच्यांना थोडा फरक पडतो किंवा पडत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन ह्या संस्थेनं १७६ प्रयोग आणि २८ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती तपासली. त्यांना सगळ्यात भरवशाचा पुरावा ड्युलोक्सेटिनचा सापडला. ॲमिट्रिप्टिलिनचे प्रयोग लहान आणि जुने आहेत, म्हणून तिच्याबद्दल खात्रीनं बोलता येत नाही असं त्यांनी म्हटलं. बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचेच होते. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं, ह्याचा अभ्यास अजून पुरेसा झालेला नाही. म्हणून शेजारणीला गुण आला आणि आपल्याला आला नाही, तर आपलं दुखणं खोटं ठरत नाही. डॉक्टरांना सांगायचं आणि दुसरा मार्ग विचारायचा.

आणि एक कर्ज ह्या इतिहासावर आहे. मुन्स्टरलिंगेनमध्ये ज्या रुग्णांवर ते नंबरचं रसायन आणि पुढे इतर अनेक रसायनं वापरून पाहिली, त्यांची आजच्यासारखी रीतसर संमती घेतलेली नव्हती. कित्येकांना आपल्यावर काय चाललंय हे सांगितलंही नव्हतं. तिथल्या प्रांत सरकारनं इतिहासकारांकडून चौकशी करून घेतली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ह्या औषधाचं श्रेय एका डॉक्टरच्या आणि एका कंपनीच्या नावावर जमा आहे. पण पहिली किंमत मोजली ती बंद दारांमागच्या रुग्णांनी, त्यातल्या बायकांनी. आपल्या गटात कर्ज कुणाच्या नावावर आणि हप्ते फेडते कोण, हे आपण नीट लिहून ठेवतो. इथंही ते लिहिलेलं असावं.

त्यांच्याकडून आपण एक शिकायचं: विचारायचं. ही गोळी कशासाठी आहे, दुखण्यासाठी की मनासाठी की दोन्हींसाठी? मात्रा किती? किती दिवसांत फरक दिसेल? डॉक्टर घाईत असले तरी एवढं विचारण्याचा आपला हक्क आहे. फरक एका रात्रीत पडत नाही. योग्य मात्रा ठरून नीट अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. पहिल्या दिवसांत तोंड कोरडं पडतं, झोप येते, सकाळी जड वाटतं, पोट साफ होत नाही. ड्युलोक्सेटिननं मळमळतं. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं असतं तर कितीतरी जणींनी गोळी चौथ्या दिवशी सोडली नसती.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांना न विचारता आपणहून सांगायच्या. हृदयाचा त्रास, काचबिंदू, फिट येणं, लघवी अडकणं, लिव्हरचा आजार, दिवस गेलेले असणं किंवा बाळ अंगावर पीत असणं, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुखण्याच्या आणि झाडपाल्याच्या धरून. गोळी एकदम बंद करायची नाही, विचारून हळूहळू कमी करायची. आपली गोळी जावेला किंवा शेजारणीला द्यायची नाही. आणि ही गोळी लेकरांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवायची, कारण जास्त पोटात गेली तर ती जिवावर बेतते. गोळी सुरू केल्यावर मनात जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं.

शेवटी एक महत्त्वाचं. इतका वेळ मी सांगत होते की दुखण्यासाठी ही गोळी दिली म्हणजे तुम्हाला मनाचा आजार आहे असं नाही. पण समजा असला, तर? वर्षानुवर्षं दुखणं सोसणारी बाई झोपेला मुकते, कामाला मुकते, सणावाराला मुकते. तिचं मन खचलं तर त्यात नवल काय आणि लाज कसली? "मी वेडी नाही" असं ठासून सांगताना, आपल्याच गटातली जी मैत्रीण मनाच्या आजारासाठी हीच गोळी घेते, तिला आपण नकळत एक पायरी खाली ढकलत असतो. तिचं दुखणंही तेवढंच खरं आहे. मनासाठी बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, नंबर १४४१६, फोन मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं, "डॉक्टरनं मला डिप्रेशनची गोळी दिली गं," तर तिला नागिणीचे ते २४ रुग्ण सांगा. त्यांचं मन होतं तसंच होतं आणि कळ कमी झाली. मग तिला विचारा, "गोळी घेतेस ना? की डब्यात ठेवलीस?"